कॅलेंडरवरचं ‘सों’

डॉक्टर मॅडमनी कापसाचा एक धागा घेतला. बोळा नाही, धागा; उजेडासमोर धरला तर दिसेल, नाही तर नाही. म्हणाल्या, “डोळे मिटा. गालाला लागलं की फक्त ‘हो’ म्हणा.”

मी डोळे मिटले. त्यानंतरचं मला बायकोकडून कळलं. मी ‘हो’ म्हणालोच नाही. मी खुर्चीसकट मागे सरकलो, टेबलावरचा पेनांचा डबा खाली पाडला आणि दोन्ही पंजे उजव्या गालापासून बोटभर लांब धरून, बगळ्यासारखा एका पायावर उभा राहिलो. गालाला हात लावायची हिंमत नव्हती आणि हात दूर न्यायचीही नव्हती. डोळ्यांतून पाणी, तोंड अर्धं उघडं, आवाज नाही. माझ्या बापजाद्यांनी जन्मभर कापूस पिकवला. त्या कापसाच्या एका धाग्यानं मला अकोल्याच्या दवाखान्यात उभं नाचवलं.

मिनिटभरात कळ गेली. बटण बंद केल्यासारखी. मी पेनं गोळा केली, डबा जागेवर ठेवला आणि खुर्चीत नीट बसलो.

“याला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात,” मॅडम म्हणाल्या. मग कागदावर एक चेहरा काढला आणि कानापासून निघणाऱ्या तीन रेघा ओढल्या. ट्रायजेमिनल ही चेहऱ्याची मोठी नस. तिला तीन फांद्या: एक कपाळाकडे, एक गालाकडे, एक खालच्या जबड्याकडे. न्यूराल्जिया म्हणजे नसेचं दुखणं. दात चांगला असतो, हिरडी चांगली असते, कान चांगला असतो. दुखते ती नस.

“म्हणजे थ्री फेज आहे,” मी म्हणालो. “आणि माझे खालचे दोन फेज गेले.”

मॅडम पुण्याच्या. विहिरीवरच्या मोटारीशी त्यांचा संबंध नसावा, पण त्या हसल्या. माझी बायको हसली नाही.

बाहेर बाकावर बसल्यावर तिनं पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले आणि हळूच म्हणाली, “कापसानं कोणाले दुखते काय जी? डाक्टरीणबाईलेही फसवलं तुम्ही.”

या आजाराची कळ मी सहन केली, अजून करतो. पण त्या बाकावर जे लागलं ते त्या धाग्यापेक्षा जास्त होतं. हे लिहितोय ते त्यासाठीच. ज्यांना हा आजार आहे त्यांना कळेचं वर्णन वाचायची गरज नाही. पण हा आजार एक दिवस असतो आणि एक दिवस नसतो, आणि जो आजार रोज नसतो त्यावर घरचेही विश्वास ठेवत नाहीत. याला काय करायचं, हे कोणी सांगत नाही.

आता मी कोण ते सांगतो, म्हणजे बायकोचा दोष किती आणि माझा किती ते तुम्हीच ठरवा.

मी वरवट बकालचा. गावात बी-बियाणं आणि खतांचं दुकान, गावाबाहेर साडेचार एकर शेत. वय बावन्न. खरा धंदा मात्र बोलण्याचा. लग्नातला माईक माझ्याकडे, गावच्या नाटकातला राजा मी, सावकार मी, आणि एका वर्षी बाई मिळाली नाही म्हणून पदर घेऊन सासूही मीच. सोंग हा माझा जन्मजात गुण. शाळेत फिट आल्याचं सोंग केलं तर गुरुजींनी नाकाला कांदा लावला आणि घरी सोडलं. वास्तुशांतीला जायचं नसलं की छातीत धरायचं, जेवणाचं बोलावणं आलं की सुटायचं.

आणि एक सोंग असं केलं की त्याची किंमत सव्वीस वर्षांनी मोजली.

लग्नाचं पहिलं वर्ष. मलकापूरजवळ सासऱ्यांच्या शेतात सोयाबीनची सोंगणी चालू होती. आमच्याकडे उभं पीक विळ्यानं कापण्याला सोंगणी म्हणतात. विदर्भाबाहेरच्या वाचकांनी हा शब्द लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे. नव्या जावयाच्या हाती सासऱ्यांनी गमतीनं विळा दिला. दोन ओळी सोंगून माझी कंबर मोडली. मी विळा फेकला आणि ओरडलो, “इच्चू! इच्चू चावला!” आणि विंचवानं नांगी मारल्यासारखा धाडकन पडलो.

सुनंदा, म्हणजे माझी बायको, तेव्हा एकवीस वर्षांची. ती चप्पल न घालता धावली. सोंगलेल्या सोयाबीनची धसकटं खिळ्यासारखी असतात. त्यांवरून ती रस्त्यापर्यंत गेली, एक ट्रॅक्टर अडवून आणला. परत आली तेव्हा मी बाभळीखाली बसून शेंगदाणे खात होतो आणि सगळे पोट धरून हसत होते. तिच्या पायांतून रक्त येत होतं. तीही हसेल असं मला वाटलं होतं. ती बसून पायातली धसकटं काढत राहिली.

तर असा मी. आणि देवानं मला आजार दिला तोही असा, की ज्यात पुरावा शून्य.

सुरुवात कडक उन्हाळ्यात झाली. सकाळी दात घासताना खालच्या उजव्या दाढेत वीज चमकली. दोन सेकंद. मला वाटलं, दाढ किडली. मग आठ दिवस काही नाही. मग एका दुपारी दुकानातल्या कूलरचं वारं गालावर आलं आणि मी गिऱ्हाईकासमोर बोलता बोलता पुतळा झालो. शेजारी गजाननचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. तो धावत आला. तोवर कळ गेली होती आणि मी आरामात बियाण्याची पिशवी मोजत होतो.

“काय बे,” गज्या म्हणाला, “कोणता पार्ट बसवून राह्यला? राजाचा का सासूचा?”

मी दंतवैद्याकडे गेलो. त्यांनी एक्स-रे काढला आणि दाढ उत्तम आहे, काढू नका, असं सांगितलं. एकदा नाही, तीनदा सांगितलं. पण समोर बसला होता मी. मी त्यांच्यासमोर असा तळमळलो, असे हात जोडले, अशी शपथ घातली की त्या भल्या माणसानं शेवटी नाइलाजानं दाढ काढली. चांगली, निरोगी, बावन्न वर्षांची दाढ. चार दिवसांनी कळ पुन्हा आली, त्याच जागी, जिथे आता दाढच नव्हती.

सुनंदा म्हणाली, “दाढ गेली. आता काय दुखते, खड्डा?”

तिचं चुकत नव्हतं. तुम्हीच बघा. श्रावणाआधी पुतणीचं लग्न होतं. मांडवात मी तीन तास माईक सोडला नाही. कळ एकदाही आली नाही. का आली नाही, मला ठाऊक नाही. वऱ्हाडी मंडळी हसून बेजार झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मला पाण्याचा घोट घेता येईना. पेला ओठाला लागला की कळ. ‘अगं’ म्हणायला जबडा हलवला की कळ. मी पाटीवर लिहून दिलं, “बोलता येत नाही.”

“काल तीन घंटे बोलले,” सुनंदा म्हणाली. “आज पाणी पेता येत नाई? घरचं आवरायचं आहे म्हणून काय?”

मांडवाची भांडी परत करायची होती, सतरंज्या मोजायच्या होत्या. म्हणजे काम होतं. आणि काम असलं की दुखणं, हा माझा इतिहासच.

त्यानंतर ओळखीच्या एका डॉक्टरांनी अकोल्याला पाठवलं आणि तिथे तो कापसाचा धागा झाला.

मॅडमनी एमआरआय करायला सांगितलं. एमआरआय म्हणजे चुंबकाच्या बोगद्यात झोपवून डोक्याच्या आतले फोटो काढतात. आत असा आवाज असतो की कोणी पिंपावर हातोडा मारतंय. मी आत निश्चल पडून एकच प्रार्थना करत होतो: देवा, काहीतरी दिसू दे. मोठं नको, पण बायकोला दाखवता येईल एवढं दिसू दे.

रिपोर्ट आला. नॉर्मल.

“हे चांगलं आहे,” मॅडम म्हणाल्या. “गाठ वगैरे नाही ना, हे बघायला आपण ते केलं. काहींच्या फोटोत नसेला टेकलेली रक्तवाहिनी दिसते, काहींच्या दिसत नाही. या आजाराचं निदान मुख्यतः रुग्ण काय सांगतो त्यावरूनच होतं.”

बघा आता! रुग्णाच्या सांगण्यावरून ठरणारा आजार, आणि रुग्ण मी!

त्यांनी कार्बामाझेपिन नावाची गोळी दिली. ही वेदनाशामक नाही. नसेत उठणारे झटके शांत करणारी आहे. हळूहळू वाढवायची, मनानं बंद करायची नाही, अंगावर पुरळ आलं तर लगेच कळवायचं, मधूनमधून रक्त तपासायचं. चिठ्ठीवर लिहिलं: सकाळ, दुपार, रात्र, जेवणानंतर. आणि एक वही ठेवायला सांगितली. रोज लिहायचं, कळ कधी आली, तेव्हा काय करत होतो, झोप कशी, गोळी घेतली का.

पहिले दिवस गोळीनं चक्कर यायची. मी गावातून भिंतीला धरून चालायचो. गज्या म्हणायचा, “सकाळी सकाळीच बे?” पण कळा कमी झाल्या. अर्ध्या झाल्या म्हणा. आणि अर्ध्या झाल्या तेच वाईट. पूर्ण दुखणाऱ्याला लोक खाट टाकून देतात. मी सोमवारी दुकानात गिऱ्हाईकाला हसवायचो आणि मंगळवारी फळीवर हात ठेवून मुका बसायचो.

मंगळवारी माझ्या दुकानात मलकापूरहून मालाची गाडी येते. पोती उतरवून घ्यायची, मोजायची, रचायची. आठवड्याचं सगळ्यात जड काम. आणि माझा आजार नेमका मंगळवारचा मुहूर्त धरायचा.

“गाडीले पाह्यलं की दुखते तुमचं,” सुनंदा म्हणाली आणि स्वतः पोती मोजायला उभी राहिली. मी गालावर दुपट्टा गुंडाळून कोपऱ्यात. येणारे जाणारे बघत होते. तिला काय वाटत असेल, हे मला तेव्हा सुचलंही नाही. मला फक्त माझी पुढची कळ दिसत होती.

खरं सांगतो, कळेपेक्षा कळांच्या मधला वेळ कठीण. चांगला दिवस उगवला की मी त्याच्याकडे चोरासारखा बघायचो. हसू का? दाढी करू का? भाकरी चावू का, की आजही वरणात कुस्करून गिळू? अंगावरचे कपडे ढगळ झाले. दिवसभर काही दुखलं नाही तरी संध्याकाळी मी थकलेला असायचो, नुसत्या वाट बघण्यानं. आणि मनात एक विचार यायचा, जो कोणाजवळही बोलण्यासारखा नव्हता: कदाचित सुनंदाचं खरं असेल. इतकी वर्षं सोंगं केली, आता माझं शरीरच मला न विचारता सोंग करत असेल. एके दिवशी तर पुढचं काही नकोच, इथपर्यंत विचार गेला. तुमचा गेला तर तो घरात किंवा डॉक्टरांना सांगा. मी सांगितला नव्हता. चूक केली.

सुनंदाला माझा खरेपणा पटावा म्हणून मी गोळ्या सुरू झाल्या त्याच आठवड्यात सोळा सोमवार धरले होते. देवळात सगळ्यांसमोर, मोठ्यानं संकल्प सोडून. सोंगाड्या माणूस सोळा सोमवार उपास करेल का? करणार नाही. मी करत होतो. तरी मंगळवार चुकले नाहीत. उलट बिघडतच गेले.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा अकोल्याला जायची तारीख आली. सकाळी एसटीत बसलो आणि आठवलं: वही! दोन महिन्यांत मी वहीत एक अक्षर लिहिलं नव्हतं. मग काय, शेगाव येईपर्यंत मी सगळी वही भरून काढली. काय लिहिली म्हणून सांगू! ‘आज पहाटे विजेचे तांडव.’ ‘आज वेदनेचा पूर ओसरला.’ सुनंदा खिडकीबाहेर बघत होती. तिच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत गुंडाळलेले काही कागद.

मॅडमनी वही उघडली. दोन पानं उलटली. “साठ दिवसांचं अक्षर एकसारखं हललंय,” त्या म्हणाल्या. “एसटीत लिहिलंत?”

माझ्यासारख्या नटाला इतक्या कमी वेळात कोणी रंगमंचावरून उतरवलं नव्हतं.

तेव्हा सुनंदानं पिशवीतून ते कागद काढले आणि टेबलावर सरळ केले. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरची पानं होती. ऑगस्ट, सप्टेंबर, आणि ऑक्टोबरचं चालू पान, खिळ्याच्या भोकासकट. आमच्या घरचा सगळा कारभार त्या कॅलेंडरवर असतो. दूध आलं नाही त्या चौकोनात फुली. गॅस लावला त्या तारखेला ‘गॅस’. दळण, पाहुणे, उपास.

“हे बघा मॅडम,” ती म्हणाली. “मी लिवलं आहे.”

मॅडम वाकून बघू लागल्या. “हे ‘सों’ काय आहे? सोमवार? पण हे तर मंगळवारी आहे. आणि हे शुक्रवारी.”

मला ते अक्षर माहीत होतं. येता-जाता मीही पाहिलं होतं. मी पुढे झालो. “ते सोंगणी, मॅडम. शेतात मजूर लावतो ना, त्याच्या तारखा.”

“सोंगणी म्हणजे?”

“कापणी. सोयाबीनची. आमच्याकडे तिला...”

आणि मी थांबलो. कारण मॅडमचं बोट ऑगस्टच्या पानावर होतं. ऑगस्टात सोयाबीन फुलावर असतं. ऑगस्टात कोण सोंगणी करतं?

मी सुनंदाकडे पाहिलं. ती टेबलाच्या कडेकडे बघत होती.

“सोंग,” ती म्हणाली. “सों म्हणजे सोंग. ह्यांनी सोंग केलं त्या दिवशी मी ‘सों’ लिवत गेली. मले पाह्यचं होतं, कोणत्या कोणत्या कामाले करतात.”

खोलीत पंखा फिरत होता. माझ्या गालावर वारं येत होतं आणि त्या क्षणी मला त्याचंही भान नव्हतं. दोन महिने, त्याच चुलीजवळ मला वरण गरम करून देणारी बाई, पाठ वळली की भिंतीवर माझा निकाल लिहीत होती.

मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी विचारलं, “मग आज हे इथे का आणलंत?”

सुनंदानं सप्टेंबरच्या एका चौकोनावर बोट ठेवलं. तिथे ‘सों’च्या पुढे प्रश्नचिन्ह होतं.

“त्या दिवशी मी मोरीच्या खिडकीतून पाह्यलं. हे परसात एकटेच होते. तोंडात पाण्याचा घोट धरून उभे. गिळताही येईना, थुंकताही येईना. डोये गच्च मिटलेले. पाणी हळूहळू हनवटीवरून वाहत होतं. मी तिथं आहे हे ह्याईले माहीत नव्हतं.” तिनं प्रश्नचिन्हावरचं बोट उचललं. “सोंगाले पाहणारं कोणी लागते, मॅडम. तिथं कोणीच नव्हतं. मले खरं सांगा. हे सोंग आहे का?”

“नाही,” मॅडम म्हणाल्या. नुसतं ‘नाही’. मग पेन्सिल घेतली. “पण तुम्ही हे लिहिलंत ते फार उत्तम केलंत. आता मला हे वाचू द्या.”

त्यांनी सगळ्या ‘सों’भोवती गोल काढले आणि पान लांब धरलं. “हे बहुतेक मंगळवारीच आहेत. सोमवारी घरी काय असतं?”

“उपास,” आम्ही दोघं एकदम म्हणालो.

“आणि गोळ्या?”

“जेवणानंतर घ्यायच्या ना,” मी म्हणालो. “सोमवारी जेवण कुठे असतं? रात्री उपास सुटला की एक घेतो.”

“म्हणजे दिवसभर काही खात नाही तुम्ही?”

“खातो की. सकाळी साबुदाण्याची उसळ, दुपारी भगर, शेंगदाण्याची आमटी, बटाटे. पण तो फराळ झाला, मॅडम. जेवण नाही.”

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. त्यांनी जेवण लिहिलं होतं, मी जेवण वाचलं होतं. दोघांचंही मराठी चोख. आणि त्या दोन मराठींच्या मधल्या फटीत दर सोमवारी माझ्या दोन गोळ्या पडत होत्या. ज्या उपासानं मी खरा ठरणार होतो, त्यानंच मला दर मंगळवारी खोटा ठरवला होता.

मग त्यांनी समजावलं, आणि मी माझ्या भाषेत तुम्हाला सांगतो. नसेवर मायलिन नावाचं आवरण असतं, केबलवर रबर असतं तसं. ते एका जागी झिजलं की साधा स्पर्शही आत वीज होऊन पोचतो. उंदरानं कुरतडलेली केबल सगळ्यांनी पाहिली आहे. ती रोज शॉक देत नाही. जमीन कोरडी असली, पायात चप्पल असली, तर आठ दिवस काही होत नाही. ओल आली की त्याच केबलला हात लावून माणूस उडतो. केबल दोन्ही दिवशी तीच असते. तसंच हे. गोळी रक्तात कमी पडली, झोप मोडली, थंड वारं लागलं, दगदग झाली, की नस लवकर भडकते. हे सगळं जुळून आलं नाही की तोच माणूस मांडवात तीन तास बोलतो.

“मंगळवार समजले,” मॅडम म्हणाल्या आणि उरलेल्या एकेका तारखेला काय होतं ते सुनंदाला विचारत गेल्या. “हे दोन, वाऱ्याच्या दिवशी मोटारसायकलवर गेलात ते. हा एक, रात्रीचं जागरण.” मग त्यांनी उरलेले पाच गोल मोजले आणि त्यांवर आडवी रेघ मारली. “यांचं कारण मला माहीत नाही. तुम्ही शोधलं तरी सापडणार नाही. या आजारात असे दिवस येतात आणि जातात, कधी महिनोन् महिने येतही नाहीत. त्या दिवसांसाठी एकमेकांवर आळ घेऊ नका.”

परतीच्या एसटीत शेगाव मागे पडलं. मग मीच म्हणालो, “त्या इच्चूचं चुकलं माझं.”

“कोणता इच्चू?” ती म्हणाली. पण तिला माहीत होतं. कारण तिनं पाय आत ओढून घेतले.

“सव्वीस वर्षं झाली,” मी म्हणालो.

“सव्वीस नाई. या सोंगणीले सत्तावीस होतील,” ती म्हणाली आणि माझ्या बाजूची खिडकी ओढून बंद केली. वारं येत होतं.

आता सोमवारी मी फराळानंतर गोळी घेतो. मंगळवार बरेच सुधारले. पोती मी मोजतो. पण बरा झालो असं लिहिणार नाही. आडव्या रेघांचे दिवस येतातच. मॅडमनी पुढे कधी गोळी पुरेनाशी झाली तर ऑपरेशनचा मार्ग असल्याचं सांगून ठेवलंय. ते नाव काढलं की मी अजून विषय बदलतो. तुम्हाला असं काही होत असेल तर दाढ काढण्याआधी नसेच्या डॉक्टरांना दाखवा, गोळीची वेळ आपल्या मनानं बदलू नका, आणि चिठ्ठीवरचा साधा शब्दही विचारून घ्या. रोजचं लिहा. स्वतः लिहू नका, घरात तुमच्यावर ज्याचा विश्वास नाही त्याला लिहायला सांगा. त्याच्याइतकं बारीक कोणी बघत नाही. माझ्या बाबतीत मॅडमचे उपकार आहेतच, पण निदानाचं अर्धं काम भिंतीवरच्या पेन्सिलनं केलं, आणि ती पेन्सिल माझ्यावर संशय घेणाऱ्या बाईच्या हातात होती.

कॅलेंडर अजून चालू आहे. आता दुखलं की ती ‘दु’ लिहिते.

परवा तिचा भाऊ आणि भावजय आले होते. वर्षानं आलेली माणसं. मी दिवसभर बहार उडवली. सासूचा पार्ट करून दाखवला, आग्रहानं वाढलं, माठातलं गार पाणी सगळ्यांबरोबर प्यायलो. सुनंदा खूप दिवसांनी मोकळी हसत होती. मधे दोनदा मी चप्पल शोधायच्या निमित्तानं ओसरीवर जाऊन गालापाशी पंजे धरून उभा राहिलो, एवढंच. कोणाला काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना कॅलेंडरकडे लक्ष गेलं. आदल्या दिवसाच्या चौकोनात ठळक अक्षरात लिहिलं होतं: सों.

मला वाईट वाटलं. इतकं सगळं होऊन पुन्हा तेच?

“अवं,” मी म्हणालो, “काल तर मी हूं की चूं केलं नाई! दुखलं म्हणून एकदाही बोललो का?”

ती माझ्यासाठी चहा बशीत ओतून कोमट करत होती. मान वर न करता म्हणाली, “म्हणूनच लिवलं.”